दोन संगणकांमध्ये एकच केबल: घरगुती जोडणी कशी करावी

आमचे घर कोकणातले आहे आणि त्याच्या भिंती जांभ्याच्या, चांगल्या जाड आहेत. माजघरालगतच्या खोलीत डेस्कटॉप आहे आणि माडीवर लॅपटॉप. घरातील लग्नकार्यांची छायाचित्रे, जमिनीच्या जुन्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि काही चित्रफिती असा सुमारे २०० जीबीचा साठा डेस्कटॉपवर होता व त्याची दुसरी प्रत लॅपटॉपवर ठेवायची होती. वायफायवरून हे काम रात्री लावून दिले, तर दोन भिंती ओलांडताना वेग इतका घसरला की पहाटे वीज गेली तेव्हा निम्मेदेखील झालेले नव्हते. त्यानंतर खालून वर एक केबल टाकली आणि तेच काम जेवणाची पाने मांडून उचलेपर्यंत पुरे झाले. ही जोडणी करण्यासाठी राऊटर लागत नाही, अनेक संगणकांच्या तारा एकत्र जोडणारा स्विच लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. दोन संगणक, एक केबल आणि तासाभराची सवड एवढ्यावर ती होते.

मात्र या कामात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींवर उभ्या असतात, हे आधी लक्षात घ्यावे. सर्वांत खाली तार, तिच्यावर पत्ता (म्हणजे जाळ्यात, नेटवर्कमध्ये, संगणक ओळखण्याचे आकडे) आणि त्यावर परवानगी. तार जुळली नसेल तर पत्ता देऊन उपयोग नाही आणि पत्ता चुकला असेल तर परवानग्या कितीही सैल केल्या तरी फोल्डर दिसणार नाही. अनेक जण या तिन्ही गोष्टी एकदम बदलतात, काही चालले नाही की फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारे संरक्षण, बंद करतात, पासवर्ड काढून टाकतात आणि तरीही अडखळतात. म्हणून प्रत्येक पायरी तपासून खात्री झाल्यावरच पुढच्या पायरीकडे वळावे, असा माझा आग्रह आहे.

तार

बाजारात मिळणारी कॅट-५ई किंवा कॅट-६ प्रतीची, दोन्ही टोकांना आरजे-४५ कनेक्टर बसवलेली तयार केबल घ्यावी. तांब्याच्या तारेवरून सेकंदाला १ गिगाबिट वेगाने माहिती नेण्याचे मानक १९९९ साली ठरले आणि या दोन्ही प्रतींच्या केबल त्या वेगाला १०० मीटर लांबीपर्यंत पुरतात. घरात एवढी लांबी क्वचितच लागते. जुन्या लेखांमध्ये दोन संगणक थेट जोडण्यासाठी ‘क्रॉसओव्हर’ नावाची उलट जोडणीची केबल हवी असे सांगितलेले असते. एकेकाळी ते खरे होते, कारण दोन्ही संगणक तारांच्या एका ठरलेल्या जोडीवरून बोलत आणि दुसऱ्या ठरलेल्या जोडीवरून ऐकत असल्यामुळे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्याच्या जागी पोहोचवण्यासाठी तारा मध्येच उलटवाव्या लागत. आजची गिगाबिट पोर्ट (संगणकावरील केबल बसवण्याच्या खाचा) ही अदलाबदल आपण होऊन करतात, त्यामुळे साधी सरळ केबल चालते. दोन्ही संगणकांची पोर्ट फार जुनी, १०० मेगाबिटची असतील, तरच क्रॉसओव्हर केबलचा विचार करावा.

केबल विकत घेताना ती शुद्ध तांब्याची आहे का, हे विचारावे. स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा ॲल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. अशी तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी चमक दिसते. ती वळणावर लवकर तुटते, तिचा विद्युतरोध अधिक असतो आणि लांब अंतरावर ती दगा देते. भिंतीवरून कायमची केबल न्यायची असेल तर येथे चार पैसे वाचवू नयेत, कारण पट्टीत बसवलेली केबल पुन्हा उकलणे हे नव्याने बसवण्यापेक्षा अधिक कष्टाचे असते.

भिंतीतल्या छिद्रातून कनेक्टरसह केबल जात नसेल, तर मात्र कनेक्टर स्वतः बसवावे लागतात. येथे थोडे थांबून केबलची रचना समजून घेणे चांगले. आत आठ तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. जोडीतील एका तारेवरून जो संकेत जातो, त्याच्या नेमका उलट संकेत दुसऱ्या तारेवरून जातो आणि पलीकडचे पोर्ट त्या दोहोंमधील फरक वाचते. शेजारच्या पंख्याचा किंवा विजेच्या तारेचा उपद्रव झालाच, तर पिळामुळे तो दोन्ही तारांवर जवळपास सारखाच होतो आणि फरक काढताना गळून पडतो. तारा पिळण्याची ही युक्ती टेलिफोनच्या काळातली आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी तिचे पेटंट १८८१ साली घेतले होते. कोणत्या दोन तारा एका जोडीत आहेत, याला म्हणूनच एवढे महत्त्व आहे.

कनेक्टरचा खटका खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरून, केबल आपल्या बाजूने आत घालताना, डावीकडून उजवीकडे रंगांचा क्रम असा ठेवावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवायचा आहे. यात हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी विभागलेली दिसते व निळी जोडी तिच्या मधोमध येते, हे पाहून नवख्या माणसाला क्रम चुकल्यासारखे वाटते. मी पहिली केबल तयार केली तेव्हा रंगांच्या जोड्या सलग लावल्या: नारिंगी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्यामुळे केबल तपासण्याच्या टेस्टरवरचे आठही दिवे ओळीने लागले, पण जोडणी मात्र सारखी तुटत राहिली. पोर्ट तिसऱ्या आणि सहाव्या जागेला एक जोडी मानते. माझ्या केबलमध्ये त्या जागी दोन निरनिराळ्या जोड्यांतल्या तारा गेल्या होत्या आणि पिळाचा फायदाच नाहीसा झाला होता. साधा टेस्टर तार तुटली आहे की नाही एवढेच सांगतो, जोडी बरोबर आहे का हे सांगत नाही. म्हणून रंगांचा क्रम डोळ्यांनीच तपासावा, तारांचा पीळ अर्ध्या इंचाहून अधिक सोडवू नये आणि केबलचे वरचे आवरण कनेक्टरच्या आत जाऊन क्रिंपिंग टूलने दाबले गेले आहे याची खात्री करावी, म्हणजे ओढ बसली तरी तारा सुटत नाहीत.

ही केबल विजेच्या तारांच्या पाइपातून किंवा पट्टीतून नेऊ नये. उपद्रवाचा प्रश्न तर आहेच, पण आवरण घासले जाऊन विजेचा प्रवाह या तारेत उतरण्याचा धोका त्याहून मोठा आहे. विजेची तार ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. केबलला तीव्र मोड देऊ नये, खिळ्याने चेचू नये आणि दाराच्या फटीत दाबू नये. घराबाहेरून केबल नेण्याचे शक्यतो टाळावे. आमच्याकडे वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की मी केबल दोन्ही टोकांकडून काढून ठेवतो, कारण जवळपास वीज पडली तर लांब तारेत उसळणारा दाब पोर्ट जाळू शकतो आणि बहुतेक संगणकांत ते पोर्ट मदरबोर्डवरच असते.

लॅपटॉपला केबलचे पोर्ट नसेल तर यूएसबीचा इथरनेट अडॅप्टर घ्यावा, आणि तो यूएसबी ३ चा, गिगाबिटचा घ्यावा. यूएसबी २ ची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट असल्यामुळे तिथे गिगाबिटचा वेग मिळत नाही.

आता केबल दोन्हीकडे खटका वाजेपर्यंत बसवावी आणि दोन्ही संगणक सुरू करावेत. पोर्टजवळ लहान दिवे असतील तर ते लागतील. त्यानंतर विंडोजमध्ये ‘कंट्रोल पॅनेल’ उघडून ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये जावे, डावीकडचे ‘चेंज अडॅप्टर सेटिंग्ज’ निवडावे आणि ‘इथरनेट’ या चिन्हावर दोनदा क्लिक करून वेग पाहावा. तेथे १ जीबीपीएस दिसला तर तारेचे काम झाले. दोन्ही पोर्ट गिगाबिटची असूनही १०० एमबीपीएस दिसला, तर आठांपैकी एखादी तार तुटलेली किंवा कनेक्टरमध्ये नीट न बसलेली आहे असे समजावे, कारण १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात आणि गिगाबिटला चारही लागतात. हा फरक सोसून पुढे जाऊ नये. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी (मेगाबाइट; आठ बिट मिळून एक बाइट) जातात, तर १०० मेगाबिटवर ११ ते १२. म्हणजे २०० जीबीला एका बाजूने अर्धा तास आणि दुसऱ्या बाजूने जवळपास पाच तास.

पत्ता

राऊटर असतो तेव्हा तो प्रत्येक यंत्राला आपण होऊन पत्ता देतो. येथे पत्ता देणारे मध्ये कोणी नाही, त्यामुळे काही क्षण वाट पाहून दोन्ही संगणक १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. ही व्यवस्था मुद्दाम अशाच प्रसंगासाठी केलेली आहे आणि एकदाच काही फाइली न्यायच्या असतील तर ती पुरते. परंतु तो पत्ता बदलू शकतो आणि लक्षातही राहत नाही, म्हणून नेहमीच्या वापरासाठी पत्ते स्वतः ठरवून द्यावेत.

खासगी जाळ्यांसाठी जे पत्ते राखून ठेवलेले आहेत, त्यांत १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा समावेश होतो. डेस्कटॉपला १९२.१६८.५०.१ आणि लॅपटॉपला १९२.१६८.५०.२ असे पत्ते देऊ. (येथे आकडे देवनागरीत छापले आहेत, संगणकावर ते इंग्रजी आकड्यांतच टाइप करावेत.) दोन्ही ठिकाणी ‘सबनेट मास्क’ २५५.२५५.२५५.० ठेवावा. याचा अर्थ एवढाच की पत्त्याचे पहिले तीन भाग जाळ्याचे नाव सांगतात आणि चौथा भाग त्या जाळ्यातील यंत्र सांगतो; पहिले तीन भाग सारखे असतील तरच दोन संगणक एकमेकांना शेजारी मानतात.

तिसरा भाग ५० निवडण्यामागे कारण आहे. घरातील वायफाय राऊटर बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. केबललाही तेच आकडे दिले, तर एकच गाव दोन रस्त्यांवर असल्यासारखी स्थिती होते आणि कोणत्या रस्त्याने जायचे याबद्दल संगणकाचा गोंधळ उडतो. म्हणून वायफायचा पत्ता आधी पाहून त्याहून वेगळा तिसरा आकडा निवडावा.

पत्ता देण्यासाठी ‘इथरनेट’ चिन्हावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, यादीतील ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ निवडून पुन्हा ‘प्रॉपर्टीज’ दाबावे, ‘यूज द फॉलोइंग आयपी ॲड्रेस’ हा पर्याय निवडून पत्ता आणि मास्क भरावा. ‘डीफॉल्ट गेटवे’ आणि ‘डीएनएस’ या जागा रिकाम्या सोडाव्यात, आणि ही सूचना नजरचुकीनेही मोडू नये. गेटवे म्हणजे जाळ्याबाहेर जाण्याचे दार. आपल्या केबलच्या पलीकडे दुसरा संगणक आहे, बाहेरचे जग नाही. तेथे गेटवे भरला तर विंडोज तारेची जोडणी वायफायपेक्षा वेगवान समजून इंटरनेटची मागणीही केबलवर पाठवू लागते आणि चालू असलेले इंटरनेट बंद पडते. जागा रिकामी असली की इंटरनेट वायफायवरून आणि आपल्या फाइली केबलवरून, असे दोन्ही व्यवहार सुखाने एकत्र चालतात.

पुढे दोन्ही संगणकांवर ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ विभागात ‘इथरनेट’ उघडावे. गेटवे नसल्यामुळे विंडोजला हे जाळे ओळखता येत नाही आणि ते त्याला ‘पब्लिक’, म्हणजे परक्या ठिकाणचे मानते. तेथे ‘प्रायव्हेट’ निवडावे, आणि मग प्रगत शेअरिंग सेटिंग्जमध्ये जाऊन फक्त प्रायव्हेट जाळ्यासाठी ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करावे. संगणक पुन्हा सुरू केल्यावर कधी कधी ही निवड परत पब्लिकवर गेलेली आढळते. जोडणी काल चालत होती आणि आज चालत नाही अशी वेळ आली, तर सर्वांत आधी हीच जागा पाहावी.

आता पत्त्याची परीक्षा. लॅपटॉपवर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून पिंग ही, पलीकडचा संगणक उत्तर देतो का हे पाहणारी आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करावी, एक जागा सोडून डेस्कटॉपचा पत्ता लिहावा आणि एंटर दाबावे. चार उत्तरे एका मिलिसेकंदाच्या आत परत आली तर दुसरी पायरी पक्की झाली. उत्तर आले नाही तर पडद्यावरचा संदेश नीट वाचावा, कारण दोष कुठे आहे ते तो सांगतो. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे दिसले तर त्या पत्त्यावर कोणीच सापडले नाही, म्हणजे केबल सुटलेली आहे किंवा पत्त्यातला एखादा आकडा चुकला आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे दिसले तर बहुधा पलीकडचा संगणक जागेवर आहे, पण त्याची फायरवॉल उत्तर देऊ देत नाही, म्हणजे जाळे अजून पब्लिकवरच आहे किंवा शेअरिंग सुरू झालेले नाही. पिंग दोन्ही बाजूंनी करून पाहावे. फायरवॉल पूर्ण बंद करण्याचा सल्ला या टप्प्यावर पुष्कळ जण देतात, आणि तो मला मुळीच मान्य नाही. तोच संगणक वायफायने बाहेरच्या जगाशीही जोडलेला असतो आणि फायरवॉल पुन्हा सुरू करण्याची आठवण काम झाल्यावर कोणालाच राहत नाही.

परवानगी

ज्या संगणकावरील फाइली द्यायच्या आहेत, त्यावर, म्हणजे आपल्या उदाहरणात डेस्कटॉपवर, या कामासाठी एक वेगळे स्थानिक खाते तयार करावे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’, मग ‘अदर युझर्स’ येथे जाऊन मायक्रोसॉफ्ट खात्याविना नवा वापरकर्ता जोडावा, त्याला साधे इंग्रजी अक्षरांतले नाव आणि चांगला पासवर्ड द्यावा. नेहमीचे खाते चालत नाही असे नाही, पण तेथे बहुतेकांची फसगत होते. आपण रोज चार आकड्यांचा पिन टाकून संगणक उघडतो आणि जाळ्यावरून तोच पिन देऊ पाहतो. पिन फक्त त्या यंत्रापुरता असतो, जाळ्यावर पासवर्डच लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही. वेगळे खाते असले की हे दोन्ही प्रश्न मिटतात आणि घरच्या मुख्य खात्याचा पासवर्ड दुसऱ्या यंत्रावर साठवण्याची गरजही उरत नाही.

नंतर जो फोल्डर द्यायचा आहे त्यावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यातील ‘शेअरिंग’ उघडावे, ‘शेअर’ दाबून ते नवे खाते यादीत घालावे आणि त्याला फक्त वाचण्याची परवानगी द्यायची की लिहिण्याचीही, हे ठरवावे. प्रत काढून घ्यायची असेल तर वाचण्याची परवानगी पुरेशी आहे. त्यामुळे लॅपटॉपवरून चुकून मूळ फाइल पुसली जाण्याची भीती राहत नाही. संपूर्ण ड्राइव्ह शेअर करू नये. ‘एव्हरीवन’ला पूर्ण ताबा देऊन पासवर्डचे संरक्षण काढून टाकण्याचा मार्ग झटपट वाटतो, पण तो घेऊ नये. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो फाइल शेअरिंगच्याच एका जुन्या पद्धतीतील दोषाचा फायदा घेऊन. ‘एसएमबी १’ नावाची ती पद्धत आताच्या विंडोजमध्ये मुळात बसवलेली नसते. फार जुन्या संगणकाशी जोडण्यासाठी ती पुन्हा सुरू करा असे कोणी सुचवले, तर त्यापेक्षा त्या संगणकाची हार्डडिस्क काढून घेऊन फाइली उतरवाव्यात.

आता लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना लागूनच डेस्कटॉपचा पत्ता लिहावा. नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. नाव लिहिताना डेस्कटॉपचे संगणकीय नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि नव्या खात्याचे नाव असे पूर्ण लिहावे, म्हणजे लॅपटॉप स्वतःच्या खात्यांत ते शोधत बसत नाही. फोल्डर दिसू लागला की त्यावर उजवे क्लिक करून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडता येते, आणि मग तो नेहमीच्या ड्राइव्हसारखा एका अक्षराखाली दिसतो. ‘नेटवर्क’ या विभागात संगणकाच्या नावावर क्लिक करून आत जाता येते हे खरे, परंतु दोन्ही संगणक वायफायवरही असतील तर तो मार्ग वायफायवरून जाण्याची शक्यता असते. केबलचा पत्ता लिहून गेल्याने ही शंका राहत नाही. तरीही खात्री हवी असेल तर फाइल जात असताना ‘टास्क मॅनेजर’मधील ‘परफॉर्मन्स’ या भागात इथरनेटचा आलेख वर चढलेला दिसतो का, ते पाहावे.

मोठी नक्कल सुरू करण्यापूर्वी दोन्ही संगणकांचे आपोआप झोपणे बंद करावे. फाइली ‘कट’ करून हलवू नयेत, ‘कॉपी’च कराव्यात आणि पलीकडे काही फाइली उघडून पाहिल्यावरच मूळ प्रतीचे काय करायचे ते ठरवावे. हजारो लहान फाइली असतील तर वेग बराच कमी दिसेल, कारण प्रत्येक फाइलीमागे उघडणे, नोंदवणे आणि बंद करणे यांचा वेळ जातो. तो केबलचा दोष नव्हे. वीज वारंवार जात असेल तर विंडोजसोबतच येणारी ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा शिकून घ्यावी. काम मध्येच तुटले तर तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर ती आधी पोहोचलेल्या फाइली सोडून पुढच्या घेते.

दोहोंपैकी एकावर लिनक्स असेल तर जोडणीच्या सेटिंग्जमध्ये ‘आयपीव्ही ४’ खाली ‘मॅन्युअल’ निवडून हेच पत्ते द्यावेत, आणि मॅक असेल तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये तसेच करावे. पुढची पद्धत तीच आहे. केबलवरून दुसऱ्या संगणकाला इंटरनेटही द्यायचे असेल तर मात्र हाताने दिलेले पत्ते काढून टाकावेत आणि विंडोजचे ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ वापरावे. ते केबलच्या बाजूला स्वतःच १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेते आणि पलीकडच्या संगणकाला त्याच मालिकेतला पत्ता देते.

सगळे जुळल्यावर दोन्ही पत्ते, खात्याचे नाव आणि केबल कोणत्या मार्गाने गेली आहे हे एका कागदावर लिहून डेस्कटॉपच्या मागे चिकटवून ठेवावे. आमच्या घरी तो कागद गेली काही वर्षे तेथेच आहे, आणि गेल्या पावसाळ्यात काढून ठेवलेली केबल मी घरी नसताना त्याच्याच आधाराने पुन्हा जोडली गेली.